तीन चमचे साखर

हा अंक ज्यांच्या हाती पडेल, त्यांच्यापैकी निम्म्यांच्या तरी दुसऱ्या हातात करंजी किंवा शंकरपाळे असणार, असे मी धरून चालतो. दिवाळी अंक आणि फराळ यांची सोबत जुनी आहे. पानावर तुपाचा एखादा डाग पडल्याशिवाय अंक वाचल्यासारखा वाटत नाही. अशा वेळी मी साखरेविषयी लिहिणार म्हटल्यावर, 'आता हा गृहस्थ आपल्याला कमी खाण्याचा उपदेश करणार' अशी शंका आपल्याला येईल. तसे काही नाही. उपदेशाचा मला अधिकारही नाही. मी मराठीचा प्राध्यापक. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, आणि तो सुटला तेव्हा आम्हां दोघांनाही हायसे वाटले.

हा सुटलेला संबंध पुन्हा जुळला तो गेल्या वर्षीच्या आषाढी एकादशीला.

एकादशीची सकाळ

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मधुमेह जुना, गेली काही वर्षे रोज सकाळी इन्शुलिनचे इंजेक्शन घ्यावे लागते. ते स्वतःच टोचून घेतात आणि त्यात कधी खाडा करत नाहीत. त्या दिवशीही त्यांनी खाडा केला नाही. मात्र इंजेक्शन घेतल्यावर जे खायचे असते, ते त्यांनी खाल्ले नाही. डॉक्टरांनी उपास बंद केलेले, म्हणून सौ.ने साबुदाण्याची खिचडी करून समोर ठेवली होती. 'घेतो मी सावकाश' असे सांगून त्यांनी ती झाकून ठेवली. आषाढीचा उपास आयुष्यात एकदाही मोडला नव्हता. तो या वर्षी तरी का मोडावा, असा त्यांचा मनातल्या मनात बेत होता. औषध चुकवायचे नाही हे डॉक्टरांचे, उपास मोडायचा नाही हे पांडुरंगाचे; दोघांचेही राखले, अशी त्यांची समजूत.

अकराच्या सुमारास मी त्यांच्या खोलीत गेलो, तर ते खुर्चीत बसून घामाने निथळत होते. हात थरथरत होते. मला त्यांनी माझ्या काकांच्या नावाने हाक मारली. काका जाऊन बारा वर्षे झाली. मी पुरता गांगरलो. अर्धांगाचा झटका की काय, एवढेच माझ्या मनात आले. माझी मुलगी तेव्हा बारावीत शिकत होती. तिने न बोलता साखर मोजायचे यंत्र आणले आणि त्यांच्या बोटाचा थेंब घेतला. आकडा आला अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली गेला की काळजी करायची, असे डॉक्टरांनी आम्हांला बजावून ठेवले होते.

"बाबा, आजोबांना गिळता येतंय, तोवर साखर द्यायला हवी," ती म्हणाली, आणि पेल्यात तीन चमचे साखर विरघळवून तिने ती त्यांना घोट घोट पाजली. (माणूस बेशुद्ध असला तर तोंडात काही ओतायचे नाही, थेट दवाखाना गाठायचा, हेही तिनेच मला नंतर सांगितले.) आम्ही घड्याळाकडे बघत बसलो. दहा मिनिटे गेली, पंधरा गेली. घाम ओसरला. आण्णांनी इकडेतिकडे पाहिले आणि माझ्याकडे बघून, या वेळी माझ्याच नावाने हाक मारून, विचारले, "अरे, नैवेद्य दाखवलास का?"

गेलेला माणूस परत आल्यासारखे झाले. आणि परत आणणारी वस्तू कोणती, तर किराण्याच्या दुकानातून पिशवीत भरून आणलेली साखर!

त्या रात्री मी मुलीला विचारले, "त्या तीन चमच्यांनी नेमके केले तरी काय?" ती सांगू लागली आणि तिसऱ्या वाक्याला माझी वाट चुकली. मग तिची पुस्तके घेऊन मीच बसलो. वर्षभर चाचपडत जे हाती लागले, ते इथे सांगतो आहे.

रक्तातला एक चमचा

पहिला धक्का आकड्यांनीच दिला. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि निरोगी माणसाच्या उपाशीपोटी एका लिटरमध्ये साधारण एक ग्रॅम ग्लुकोज. म्हणजे साऱ्या रक्तात मिळून पाच ग्रॅम, अवघा एक चमचा! या एका चमच्यावर सगळा संसार चालतो. अर्थात तो चमचा सारखा रिकामा होतो आणि सारखा भरला जातो. जेवणातून येते ती साखर यकृत साठवून ठेवते आणि लागेल तशी रक्तात सोडते. एखाद्या जुन्या गृहिणीने डब्याची किल्ली कमरेला लावावी तशी.

यातला सर्वांत खर्चिक मेंबर म्हणजे मेंदू. वजनाने शरीराचा पन्नासावा हिस्सा. पण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या एकूण शक्तीपैकी पाचवा हिस्सा हा एकटा खातो. दिवसाला सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज त्याला लागते, आणि स्वतःजवळ साठा मात्र जवळजवळ शून्य. लांबच्या उपासात तो दुसऱ्या इंधनावर काही अंशी भागवतो, पण त्याची सवय व्हायला दिवस लागतात. तासा-दोन तासांत ते जमत नाही.

आता आण्णांचे काय झाले ते समजते. स्नायूंच्या आणि चरबीच्या पेशींना ग्लुकोज आत घेण्यासाठी जी दारे असतात, ती इन्शुलिनच्या हुकमाने उघडतात. इन्शुलिन नसेल तर दारे बंद. रक्तात साखरेचा महापूर आणि पेशी उपाशी. कोठाराला कुलूप आणि गावात दुष्काळ, असा हा मधुमेह. टोरांटोत जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिन टोचले, तोवर मधुमेह झालेल्या मुलांना वाचवण्याचा उपाय जगात नव्हता. आण्णांच्या बाबतीत त्या दिवशी उलटा प्रकार झाला. इंजेक्शनाने दारे सताड उघडली, यकृतालाही साखर सोडायची बंद करण्याचा हुकूम मिळाला, आणि पोटातून नवी साखर तर आली नाही. मेंदूला आपली साखर घ्यायला इन्शुलिन लागत नाही. पण रक्तातच नसेल तर तो बापडा घेणार कुठून? म्हणून आधी हात थरथरले आणि मग माझे नाव हरवले.

पिळून काढलेला रस

साखर पेशीत पोचली, इथवर ठीक. पण आत तिचे होते काय? हे कोडे सुटायला सुरुवात झाली ती एका चुकलेल्या मुरंब्यातून, असे म्हटले तरी चालेल.

एडुआर्ट बुखनेर नावाचा जर्मन रसायनशास्त्रज्ञ यीस्ट, म्हणजे पाव फुगवणारे सूक्ष्मजीव, वाळू घालून खलात घोटत होता आणि पिळून त्यांचा रस काढत होता. रस लवकर नासे. तो टिकावा म्हणून त्याने आपल्या सुगरणी करतात तेच केले: त्यात भरपूर साखर घातली. कैरी साखरेत टिकते, तसा रसही टिकेल. रस टिकला नाही. त्यातून बुडबुडे येऊ लागले. साखर आंबत होती, तिची दारू आणि कर्बवायू होत होता. आणि त्या रसात जिवंत पेशी तर एकही नव्हती!

ही गोष्ट १८९७ साली प्रसिद्ध झाली. त्याआधी दोनच वर्षे पाश्चर वारले होते. आंबण्याची क्रिया जिवंत पेशीवाचून होत नाही, हे त्यांचे मत सर्वमान्य होते. बुखनेरच्या बुडबुड्यांनी दाखवले की जिवाचे हे काम पेशीतली काही द्रव्ये पेशीबाहेरही करू शकतात. या द्रव्यांना मराठीत 'विकर' म्हणतात. नाव मला प्रथम 'विकार'चे भावंड वाटले. पण हे सारे कामकरी आहेत, प्रत्येकाला एकच काम येते आणि ते तो बिनचूक करतो. बुखनेरला १९०७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि दहा वर्षांनी पहिल्या महायुद्धात रुमानियाच्या आघाडीवर तो जखमी होऊन मरण पावला.

पुढच्या चाळीस-एक वर्षांत अनेकांनी या रसातल्या पायऱ्या एकेक करून मोजल्या. त्या भरल्या दहा. ग्लुकोजच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात. दहा पायऱ्या उतरून त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. आणि गंमत अशी, की यीस्टमध्ये ज्या पायऱ्या, त्याच बेडकाच्या स्नायूत, त्याच तुमच्याआमच्या. फरक पडतो तो शेवटी. यीस्ट त्या तुकड्यांची दारू करते. दुधात विरजण घातले की त्यातले जंतू दुधातल्या साखरेचे लॅक्टिक आम्ल करतात आणि आपल्याला दही मिळते. सिंहगड धावत चढताना आपल्या मांड्यांतही तेच लॅक्टिक आम्ल तयार होते. (दुसऱ्या दिवशी पाय धरतात त्याचे खापर आपण त्याच्यावर फोडतो, तो मात्र अन्याय आहे, ते तासाभरात निघून जाते आणि यकृतात बरेचसे पुन्हा ग्लुकोज होते. पाय दुखतात ते स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजांमुळे.)

सुटे पैसे

पण एवढ्या पायऱ्या हव्यात कशाला? साखर जाळून शक्तीच काढायची, तर एकदम का जाळू नये?

पणतीत तेल जळते, तेव्हा शक्ती उजेड आणि उष्णता होऊन एकदम बाहेर पडते. पेशीत असे झाले तर पेशीच जळून जाईल. शिवाय नुसत्या उष्णतेवर पेशीला कामही करून घेता येत नाही. तिचे कामकाज चिल्लरीचे आहे. इथे एक रेणू जोडायचा, तिथे स्नायूचा एक धागा सरकवायचा. एस.टी.त चढून पाचशेची नोट पुढे केल्यावर कंडक्टर कसा बघतो, हे ज्याने अनुभवले आहे त्याला पेशीची अडचण समजेल. ग्लुकोज ही पाचशेची नोट. पेशीला हवेत सुटे पैसे.

त्या सुट्या पैशाचे नाव अॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट. मुले त्याला एटीपी म्हणतात. एका रेणूला तीन फॉस्फेटांची शेपटी. शेवटचा फॉस्फेट सुटून दुसरीकडे गेला की एका छोट्या कामापुरती शक्ती मिळते. मग साखरेच्या शक्तीने तो पुन्हा जोडायचा. नाणे तेच, फिरते सारखे. अंगात एका वेळी एटीपी असते फार थोडे, पाव किलोच्याही आत. पण दिवसभरात ते इतक्या वेळा मोडते आणि जुळते की सगळ्याची बेरीज माणसाच्या वजनाइतकी भरते.

इथे माझी मान थोडी ताठ झाली. कारण हे नाणे १९२९ साली दोन ठिकाणी सापडले: जर्मनीत कार्ल लोहमान यांना, आणि अमेरिकेत हार्वर्डला सायरस फिस्के यांच्यासह आपल्या येल्लाप्रगड सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादीचा अंगरखा घालून शस्त्रक्रियेच्या वर्गात जाण्याचा हट्ट त्यांना भोवला आणि एम.बी.बी.एस.ऐवजी खालची पदवी पदरात पडली. १९२३ साली ते बोस्टनला पोचले आणि रुग्णालयात हलकीसलकी कामे करून शिकले. फॉस्फरस मोजण्याची त्यांची आणि फिस्के यांची १९२५ सालची रीत जीवरसायनाच्या विद्यार्थ्यांना पुढे पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली. १९४८ साली ते न्यूयॉर्कला वारले. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला जे नाणे खर्च होते, ते ओळखणाऱ्यांपैकी एक आपला माणूस होता, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळले!

आता हिशेब पाहा. त्या दहा पायऱ्यांत पेशी दोन नाणी आधी खर्च करते आणि चार मिळवते. निव्वळ फायदा दोन. पाचशेची नोट मोडून हाती दोन नाणी! हा व्यापार बुडीत दिसतो. यीस्टचे त्यावर भागते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींचेही भागते. पण मेंदूचे आणि हृदयाचे भागत नाही. नोटेतले बाकीचे पैसे अजून त्या दोन तुकड्यांत अडकलेले आहेत. ते सोडवायला प्राणवायू लागतो.

साभार परत

पेशीच्या आत तंतुकणिका नावाच्या चिमुकल्या भट्ट्या असतात. एकेका पेशीत शेकडो, कुठे हजारो. ग्लुकोजचे तुकडे तिथे जातात. आधी प्रत्येकाचा एक कार्बन निघतो, आणि उरलेले दोन एका चक्रात शिरतात. हे चक्र लिंबातल्या सायट्रिक आम्लापासून सुरू होते आणि फिरून तिथेच येते. प्रत्येक फेऱ्यात दोन कार्बन कर्बवायू होऊन बाहेर पडतात.

हे चक्र शोधले हान्स क्रेब्स यांनी. ज्यू म्हणून १९३३ साली हिटलरच्या राजवटीने त्यांना फ्रायबुर्गमधल्या नोकरीवरून काढले. ते इंग्लंडला गेले आणि शेफील्डला कबुतराच्या स्नायूंवर काम करत हे चक्र त्यांनी जुळवले. १९३७ साली त्यांनी त्याविषयीचा छोटा लेख 'नेचर' या विख्यात नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आले, की आमच्याकडे सात-आठ आठवडे पुरेल इतका मजकूर आधीच पडून आहे. लेख परत! शेवटी तो हॉलंडातल्या एका नियतकालिकात छापला गेला, आणि १९५३ साली क्रेब्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या वाचकांच्या कपाटात संपादकांची 'साभार परत' अशी पत्रे जपून ठेवलेली असतील, त्यांना ही हकीकत मी मुद्दाम भेट देतो.

तरीही नाणी कुठे पाडली जातात, हा प्रश्न उरलाच होता. त्याचे उत्तर पीटर मिचेल यांनी १९६१ साली सुचवले, आणि पुष्कळ वर्षे पुष्कळांना ते पटले नाही. ते समजायला आपल्याला कोयनेचे धरण पुरेल. चक्रात साखरेपासून सुटलेले इलेक्ट्रॉन पायरी पायरीने खाली उतरतात. त्या उताराच्या जोरावर तंतुकणिका हायड्रोजनचे धन कण एका पडद्यापलीकडे उपसून ठेवते. धरणात पाणी साठले! मग ते कण एका अरुंद दारातून परत येतात, आणि त्या दारात एक चाक बसवलेले आहे. रूपक म्हणून नव्हे, खरोखरीचे चाक. ते सेकंदाला शंभरावर फेरे घेते आणि एका फेऱ्यात एटीपीची तीन नाणी पाडते. १९९७ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष पाहिले. मिचेल यांना नोबेल मिळाले ते १९७८ साली.

खाली उतरलेले इलेक्ट्रॉन शेवटी कोणी तरी उचलायला हवेत, नाही तर सारी रांग तुंबेल. ते उचलतो प्राणवायू, आणि त्याचे पाणी होते. आपण श्वास घेतो तो मुख्यतः या शेवटच्या पायरीवरच्या हमालासाठी. सायनाइडचे विष इतक्या झटपट मारते, कारण ते नेमका हाच हमाल अडवते.

असा सारा हिशेब मिटला म्हणजे एका ग्लुकोजमागे दोनाऐवजी तीस-बत्तीस नाणी हाती येतात. (जुन्या पुस्तकांत छत्तीस किंवा अडतीस लिहिलेली असत, नव्या मोजणीत ती कमी भरली.) साखरेतल्या शक्तीचा तिसरा हिस्सा किंवा थोडा अधिक असा पदरात पडतो, बाकीची उष्णता होते, आणि ती वायाही जात नाही. थंडीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला उठवताना मुलांचे अंग पांघरुणात उबदार लागते, ते तिच्यामुळेच.

साखर जाते कुठे?

आण्णांना पाजलेली ती पंधरा ग्रॅम साखर काही एका क्षणात जळाली नाही. आतड्यात तिचे आधी ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग झाले. त्यातले ग्लुकोज रक्तातून मेंदूत पोचले आणि त्याच्या बंद पडत चाललेल्या भट्ट्यांना सरपण मिळाले. उरलेली दिवसभर कुठे ना कुठे उपयोगी पडली असेल. पण ती सगळी जळली असे धरले, तर तिचे झाले काय? सुमारे तेवीस ग्रॅम कर्बवायू आणि नऊ ग्रॅम पाणी. वजन वाढलेले दिसते, कारण त्यात श्वासातला प्राणवायू मिसळला. म्हणजे खाल्लेली साखर आपण घालवतो ती मुख्यतः उच्छ्वासावाटे. तुम्ही हातातली करंजी संपवून हे वाचत असाल, तर तिची साखर हळूहळू खोलीतल्या हवेत मिसळू लागली असेल. आणि उसाने ती साखर केली होती तीही हवेतल्या कर्बवायूपासून आणि पाण्यापासूनच, सूर्याच्या उजेडात.

हे सारे मी एका संध्याकाळी आण्णांना सांगितले. विषय त्यांच्या जिवाचा होता आणि तंटाही बाकी होता. कारण कार्तिकी एकादशी जवळ येत होती आणि त्यांचे मौन मला ओळखीचे झाले होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे प्रत्येक पेशीत अग्नी आहे म्हणतोस?"

"तसाच म्हणायचा. पण ज्वाळेवाचून."

"गीतेच्या पंधराव्या अध्यायातला वैश्वानर!" ते म्हणाले. मी भाषेचा माणूस. गीतेत तंतुकणिका शोधण्याचा मोह मला होत नाही, आणि तो होऊही नये, असे मी त्यांना सांगितले. ऋषींनी अन्न आणि अग्नी यांचे नाते ओळखले. त्याच्या पायऱ्या मोजल्या त्या घोटलेल्या यीस्टने आणि कबुतराच्या स्नायूने. आण्णा हसले. "ते तुझे तू बघ. मी एवढेच म्हणतो, की जेवायला बसताना चित्राहुती घालणारा माणूस मी. रोज ज्या अग्नीला आहुती देतो, त्यालाच एकादशीला विझवायचा म्हणजे पांडुरंगाला तरी कसे आवडेल?"

मी गप्प राहिलो. वर्षभर जे मला समजावता आले नसते, ते त्यांनी आपल्या वाटेने गाठले होते. नुसता 'डॉक्टरांनी सांगितले आहे' हा हुकूम त्यांना कधी पटला नव्हता. आपण औषध आणि अन्न यांची जोडी फोडली म्हणून मेंदूची चूल विझत आली होती, हे कळल्यावर मात्र हुकमाची गरज उरली नाही.

गेल्या कार्तिकीला त्यांनी इंजेक्शन घेतले आणि लगेच पाटावर बसून वरीचे तांदूळ नि दाण्याची आमटी जेवले. किती घ्यायचे ते डॉक्टरांना आधी विचारले होते. देवापुढे बसताना मात्र त्यांनी एक नवी गोष्ट केली. नैवेद्याच्या खडीसाखरेतले दोन खडे एका लहानशा डबीत घातले आणि डबी सदऱ्याच्या खिशात टाकली. तेव्हापासून ती त्यांच्याजवळ असते. औषध म्हणून की प्रसाद म्हणून, हे मी त्यांना विचारलेले नाही.